भाव थोपवणारा खरा साठा कोठे आहे? पेट्रोलियम मंत्रालयास सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय आणि मा. सचिव,
पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्रालय,
नवी दिल्ली.

विषय : तेलशुद्धीकरण क्षमता, आपत्कालीन तेलसाठा आणि पेट्रोल-डिझेलच्या किरकोळ भावाचा लेखी नियम याबाबत.

महोदय,

सोलापुरातील काही यंत्रमाग कारखानदार, लहान मालवाहतूकदार आणि आडते यांच्या हिशेबाच्या वह्या लिहिण्याचे काम मी करतो. चादर आणि टॉवेलच्या गाठी मुंबईच्या बंदराकडे जातात, कांद्याच्या गाड्या हैदराबादकडे आणि दक्षिणेकडे जातात, आणि चिंचोळी व अक्कलकोट रस्ता या औद्योगिक वसाहतींत कामाला जाणारा बहुतेक वर्ग दुचाकीवरून जातो. त्यामुळे या शहरात इंधनाचा भाव ही केवळ वाहनमालकाची बाब राहत नाही. ती मजुराच्या रोजात, गाठीच्या भाड्यात आणि कांद्याच्या पट्टीत अशी तीन ठिकाणी नोंदली जाते. कच्चे तेल महागले की पंपावरचा भाव वाढणार, हे येथे सर्वांनी मान्य केलेले आहे. कच्चे तेल स्वस्त होऊनही भाव का हलत नाही, आणि देशाने खडकांत साठवलेल्या तेलाचा व समुद्रकिनारी उभारलेल्या प्रचंड रिफायनऱ्यांचा त्याच्याशी नेमका काय संबंध आहे, याचे उत्तर मात्र कोणी नीट देत नाही. ते उत्तर मिळावे आणि त्यातून एक लेखी नियम तयार व्हावा, यासाठी हे पत्र आहे.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट करावी लागते, कारण सार्वजनिक चर्चेत ती सर्रास गाळली जाते. आपत्कालीन साठ्यात असते ते कच्चे तेल आणि गाडीला लागते ते पेट्रोल, आणि या दोहोंच्या मध्ये रिफायनरी उभी असते. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याचे पेव ज्वारीने भरलेले असले तरी गावातली गिरणी बंद असेल तर भाकरी होत नाही. सुमारे १५९ लिटरच्या एका पिंपातून पेट्रोल, डिझेल, केरोसीन, विमानाचे इंधन, नाफ्था, डांबर असे अनेक पदार्थ निघतात, आणि कोणता पदार्थ किती निघेल हे तेलाच्या प्रतीवर व कारखान्याच्या रचनेवर ठरते. आपल्या बाबतीत तर मुंबईहून पुण्याजवळच्या लोणीमार्गे सोलापूरजवळच्या पाकणीपर्यंत तेलवाहिनी आली आहे. त्या वाहिनीतून तयार इंधन येते आणि पाकणीच्या डेपोतून टँकर जिल्हाभर जातात. म्हणजे पंपावरच्या भावामागे चार वेगळ्या पायऱ्या आहेत : कच्च्या तेलाची किंमत, शुद्धीकरणाचा नफा, वाहतूक व विक्रीचा खर्च, आणि कर. साठ्याचा परिणाम पहिल्या पायरीवर होतो, शुद्धीकरण क्षमतेचा दुसऱ्या पायरीवर, आणि सरकारचा हात सर्वांत मोकळा असतो तो चौथ्या पायरीवर.

दुसऱ्या पायरीचे महत्त्व जगाला २०२२ मध्ये कळले. जुलै २००८ मध्ये कच्च्या तेलाने पिंपामागे १४७ डॉलरचा उच्चांक गाठला तेव्हा अमेरिकेतील पेट्रोलचा सरासरी भाव गॅलनमागे ४ डॉलर ११ सेंटच्या आसपास होता. जून २०२२ मध्ये कच्चे तेल १२० डॉलरच्या जवळ, म्हणजे त्या उच्चांकापेक्षा बरेच खाली होते, आणि तरीही तेथील पेट्रोल ५ डॉलरच्या वर गेले. मधल्या चौदा वर्षांत मजुरी आणि वाहतूक महागली, हे खरे आहे. पण सारा फरक त्याने भरून निघत नाही. अमेरिकेची शुद्धीकरण क्षमता २०२० च्या आरंभी दिवसाला सुमारे १ कोटी ९० लाख पिंपे होती, ती दोन वर्षांत १ कोटी ८० लाखांच्या खाली आली. फिलाडेल्फियाचा मोठा कारखाना जून २०१९ मधील आगीनंतर बंदच झाला होता. महामारीत मागणी कोसळल्यावर आणखी काही बंद झाले, आणि मागणी परतली तेव्हा ते परतले नाहीत. त्यात रशियाच्या तयार डिझेलवर पाश्चात्त्य खरेदीदारांनी पाठ फिरवली. परिणामी कच्चे तेल आणि तयार इंधन यांच्या भावांतील अंतर, म्हणजेच रिफायनरीचा नफा, अभूतपूर्व वाढला. सिंगापूरच्या बाजारात तो जून २०२२ मध्ये पिंपामागे २५ डॉलरच्या पुढे गेला. एरवी हा आकडा चार-सहा डॉलर असला तरी रिफायनरीवाले समाधानी असतात.

आता आपल्या देशाकडे पाहू. येथे चित्र उलटे आहे. भारताची शुद्धीकरण क्षमता वर्षाला सुमारे २५.८ कोटी टन आहे आणि २०२४-२५ मधील पेट्रोलियम पदार्थांचा एकूण देशांतर्गत वापर सुमारे २३.९ कोटी टन होता. शिवाय आपण दरवर्षी सहा कोटी टनांहून अधिक तयार माल निर्यात करतो. एकट्या जामनगरच्या संकुलाची क्षमता दिवसाला १२ लाख पिंपांहून अधिक आहे. कच्चे तेल आपण जवळजवळ ८८ टक्के आयात करतो, पण ते शुद्ध करण्यात आपण स्वयंपूर्ण आहोत, नव्हे, निर्यातदार आहोत. मग साधा माणूस विचारतो की ज्या देशात गिरण्या गरजेपेक्षा जास्त आहेत तेथे दळणावळ परदेशातल्या टंचाईच्या दराने का द्यावी लागते?

याचे उत्तर भावाच्या सूत्रात आहे. रंगराजन समितीच्या शिफारशींनंतर जून २००६ पासून पेट्रोल आणि डिझेलच्या रिफायनरी-दारच्या किमतीसाठी व्यापार समतुल्य किमतीचे तत्त्व स्वीकारले गेले. त्यात ८० टक्के भार आयात समतुल्य किमतीला आणि २० टक्के भार निर्यात समतुल्य किमतीला आहे. सोप्या भाषेत सांगायचे तर मुंबईतील माहुलच्या कारखान्यात तयार झालेल्या पेट्रोलची किंमत लावताना ते पेट्रोल जणू परदेशातून जहाजाने आणले आहे, असा हिशेब मुख्यतः धरला जातो. या सूत्रामागे कारण आहे आणि ते मी नाकारत नाही. देशात कमी भाव आणि बाहेर जास्त भाव असेल तर खासगी रिफायनरी आपला माल बाहेर पाठवील, आणि देशातच टंचाई होईल. १ जुलै २०२२ रोजी सरकारने पेट्रोलच्या निर्यातीवर लिटरला ६ रुपये आणि डिझेलवर १३ रुपये कर लावला, तो याच ओढीला आवर घालण्यासाठी आणि अवचित नफ्यातला वाटा घेण्यासाठी. पण या सूत्राचा परिणाम असा की देशाची क्षमता वाढल्याने पुरवठ्याची शाश्वती वाढते, भाव मात्र त्या प्रमाणात उतरत नाही. मुंबईत दोन मोठ्या रिफायनऱ्या असूनही मुंबईचे पेट्रोल दिल्लीपेक्षा महाग राहत आले आहे, यावरून हे कोणालाही पडताळून पाहता येईल.

येथे थोडे विषयांतर करतो. रत्नागिरी जिल्ह्यातील सहा कोटी टनांच्या नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पाविषयी, आधी नाणार आणि नंतर बारसू, जी वादावादी झाली, तिच्यात आमच्या भागातली काही मंडळी असे म्हणताना ऐकू येत की कोकणाने जमीन दिली तर घाटावर इंधन स्वस्त होईल. सध्याच्या सूत्राप्रमाणे असे काहीही होणार नाही. त्या प्रकल्पाच्या बाजूने रोजगार, निर्यात, रसायन उद्योग असे मुद्दे असू शकतात आणि विरोधात आंबा, मासेमारी व जमिनीचे मुद्दे आहेत. त्यांचा निवाडा त्यांच्या गुणदोषांवर व्हावा. परंतु सोलापूरकरांच्या स्वस्त पेट्रोलचे नाव पुढे करून कोकणातल्या माणसाकडे जमीन मागणे प्रामाणिक नाही.

साठ्याची गोष्ट आणखी नाजूक आहे. १९७३-७४ च्या अरब तेलबंदीनंतर १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन झाली आणि तिच्या सदस्य देशांवर ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा ठेवण्याचे बंधन आले. अमेरिकेने १९७५ मध्ये कायदा करून लुइझियाना व टेक्सासमधील मिठाच्या घुमटांत ७० कोटी पिंपांहून अधिक तेल मावेल अशी व्यवस्था उभी केली. आपली व्यवस्था बरीच नंतरची आणि लहान आहे. विशाखापट्टणम येथे १३.३ लाख टन, मंगळुरू येथे १५ लाख टन आणि पाडूर येथे २५ लाख टन अशी एकूण ५३.३ लाख टनांची भूमिगत खडकातील कोठारे आहेत. २०१९-२० च्या वापराच्या हिशेबाने ती पूर्ण भरलेली असतील तर साडेनऊ दिवस पुरतील, असे सरकारनेच सांगितले आहे. तेल कंपन्यांकडील कच्चे तेल व तयार मालाचा साठा मिळवला की एकूण आकडा ७४ दिवसांच्या आसपास जातो. ओडिशातील चांदीखोल येथे ४० लाख टन आणि पाडूर येथे आणखी २५ लाख टनांच्या विस्ताराला जुलै २०२१ मध्ये मंजुरी मिळाली.

या साठ्याने भाव उतरतो काय? थोडा उतरतो, थोड्या काळापुरता उतरतो, आणि तोही साठा मोठा असेल तरच. अमेरिकेने २०२२ मध्ये सहा महिन्यांत १८ कोटी पिंपे बाजारात आणण्याचे जाहीर केले. इतर देशांच्या साठ्यांसह या उपायाने पेट्रोल गॅलनमागे १७ ते ४२ सेंटने कमी राहिले, असा अंदाज त्यांच्याच अर्थखात्याने मांडला. सरकारने स्वतःच्या निर्णयाचे केलेले मूल्यमापन म्हणून तो सावधपणे वाचावा, पण दिशा बरोबर वाटते. त्याच काळात पेट्रोल पाच डॉलरच्या वर गेले, कारण कच्चे तेल साठ्यातून येत होते आणि अडचण रिफायनरीत होती. २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळात हे आधीच दिसले होते. मेक्सिकोच्या आखाताकाठच्या रिफायनऱ्या बंद पडल्यावर नुसते कच्चे तेल पुरेना. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सदस्य देशांनी मिळून ६ कोटी पिंपे बाजारात आणली, त्यात युरोपच्या साठ्यातील तयार पेट्रोल होते म्हणून टंचाई आवरली. जर्मनीसारख्या देशाच्या साठा मंडळाकडे १९७८ पासून कच्च्या तेलाबरोबर तयार इंधनही ठेवले जाते, यामागचा विचार तोच आहे.

भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया आदी देशांबरोबर आपल्या साठ्यातून ५० लाख पिंपे काढण्याचे जाहीर केले. बातमी मोठी झाली. पण ५० लाख पिंपे म्हणजे देशाचा जेमतेम एका दिवसाचा वापर. त्याने पाकणीतल्या भावात पैशाचाही फरक पडण्याचे कारण नव्हते आणि पडलाही नाही. दिवाळीत पेट्रोल उतरले ते केंद्राने ४ नोव्हेंबर २०२१ पासून उत्पादन शुल्क पेट्रोलवर ५ व डिझेलवर १० रुपयांनी कमी केले म्हणून.

माझ्या म्हणण्याचा गाभा येथेच आहे. आपण ज्याला आपत्कालीन साठा म्हणतो तो तुटवड्यासाठी आहे. आखातातून जहाजे येणे थांबले तर काही दिवस रिफायनऱ्या चालाव्यात, एवढे त्याचे काम आहे आणि ते मोलाचे आहे. भावाचा धक्का शोषून घेणारा भारताचा खरा साठा इतरत्र आहे : एक भाग केंद्राच्या उत्पादन शुल्कात आणि दुसरा भाग सरकारी तेल कंपन्यांच्या ताळेबंदात. हे दोन्ही साठे भरले जातात आणि उपसलेही जातात, पण त्यांचा कोणताही जाहीर नियम नाही.

हिशेबनीसाच्या नजरेने गेल्या काही वर्षांच्या नोंदी वाचल्या तर हे स्वच्छ दिसते. एप्रिल २०२० मध्ये भारतीय तेलसमूहाची, म्हणजे भारतातील रिफायनऱ्या वापरतात त्या कच्च्या तेलांच्या मिश्रणाची, सरासरी किंमत पिंपामागे २० डॉलरच्या खाली गेली. सरकारने त्या एप्रिल-मे महिन्यांत कोठारे भरून घेतली आणि सुमारे ५,००० कोटी रुपये वाचवले, हे शहाणपणाचे झाले. परंतु त्याच काळात, मार्चमधील ३ रुपयांच्या वाढीनंतर मे महिन्यात पेट्रोलवर आणखी १० आणि डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढले, आणि स्वस्त तेलाचा लाभ पंपापर्यंत आला नाही. तो पहिला, म्हणजे शुल्काचा, साठा भरण्याचा काळ होता. मे २०२२ मध्ये शुल्क पुन्हा पेट्रोलवर ८ व डिझेलवर ६ रुपयांनी उतरले, तेव्हा तो उपसला गेला. दुसऱ्या, म्हणजे कंपन्यांच्या ताळेबंदातल्या, साठ्याचेही तेच. एप्रिल-जून २०२२ या तिमाहीत इंडियन ऑइलचा शुद्धीकरण नफा पिंपामागे ३१ डॉलरहून अधिक होता आणि तरी कंपनीला जवळजवळ २,००० कोटींचा निव्वळ तोटा झाला. हिंदुस्थान पेट्रोलियमचा तोटा १०,००० कोटींच्या वर गेला. रिफायनरीने कमावलेले पंपावर गेले, कारण एप्रिल २०२२ पासून कंपन्यांनी किरकोळ भाव गोठवलेला होता. पुढे तेल उतरले तरी भाव तसाच राहिला, आणि २०२३-२४ मध्ये तीन सरकारी कंपन्यांचा एकत्रित नफा सुमारे ८१,००० कोटी रुपये झाला. मार्च २०२४ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, लिटरमागे २ रुपये कमी झाले. एप्रिल २०२५ मध्ये तेल पुन्हा उतरले तेव्हा उत्पादन शुल्क २ रुपयांनी वाढले आणि पंपावरचा आकडा जागचा हलला नाही.

२०२२ मध्ये भाव गोठवल्याचा आमच्या शहराला लाभ झाला, हे मी मान्य करतो. ज्यांचे भाड्याचे करार वर्षभराचे असतात त्या मालवाहतूकदारांना त्या उन्हाळ्यात आंतरराष्ट्रीय भाव जसाच्या तसा सोसावा लागला असता, तर काहींच्या गाड्या कर्जहप्त्यापायी गेल्या असत्या. तोटा नंतर भरून काढावा लागतो, हेही व्यवहाराला धरून आहे. माझी तक्रार भाव स्थिर ठेवण्याविषयी नाही. पेट्रोलचे भाव २६ जून २०१० रोजी आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले, १६ जून २०१७ पासून ते रोज बदलतील असे देशाला सांगितले गेले, आणि प्रत्यक्षात ते दीड-दोन वर्षे एकाच आकड्यावर थांबतात. मुक्त बाजाराची पाटी आणि नियंत्रित भावाचा कारभार अशा स्थितीत लहान धंदेवाल्याने पुढच्या सहा महिन्यांचे भाडे कोणत्या आधारावर ठरवावे? शिवाय याची दुसरी बाजूही आहे. २०२२ मध्ये तोट्यात विकायला तयार नसलेल्या खासगी पंपांनी विक्री आखडती घेतली, सारा भार सरकारी पंपांवर आला, काही राज्यांत पंप कोरडे पडले आणि जूनमध्ये सरकारला सर्वच पंपांवर सार्वत्रिक सेवेचे, म्हणजे ठरलेल्या वेळेत सर्वांना विक्री चालू ठेवण्याचे, बंधन घालावे लागले. नियम आधी लिहिलेला असता तर ही धावपळ टळली असती.

म्हणून मंत्रालयाकडे माझी मुख्य मागणी अशी की उत्पादन शुल्काचा संबंध भारतीय तेलसमूहाच्या तिमाही सरासरीशी जाहीर टप्प्यांनी जोडावा. कोणत्या पातळीच्या खाली शुल्क किती वाढेल आणि कोणत्या पातळीच्या वर किती उतरेल, हे राजपत्रात आधी छापलेले असावे. सरकारला महसूल लागतो, रस्ते त्यातूनच होतात, हे कोणी अमान्य करणार नाही. टप्पे कोठे ठेवायचे हे अर्थमंत्रालयाने ठरवावे, पण एकदा ठरवून ते सर्वांना दिसावेत. कंपन्यांनी भाव रोखून धरल्यास प्रतिलिटर तूट किंवा अधिक्य किती साचले आहे, हा एकच आकडा दर महिन्याला प्रसिद्ध व्हावा. दिल्लीच्या भावाची फोड आजही प्रसिद्ध होते. तशीच फोड डेपोनिहाय झाली, तर पाकणीच्या भावात वाहतूक किती, विक्रेत्याचे कमिशन किती आणि कर किती हे आम्हाला अंदाजाने सांगावे लागणार नाही.

खडकातल्या साठ्यासाठीही असाच नियम हवा : तो कोणत्या प्रसंगी उघडणार, विकलेल्या तेलाचे पैसे कोठे जमा होणार आणि किती मुदतीत पुन्हा भरणार. २० डॉलरखाली घेतलेले तेल ८० डॉलरला विकले तर मधला फरक कोणत्या खात्यात गेला, हे विचारण्याचा अधिकार करदात्याला आहे.

तयार इंधनाच्या साठ्याविषयीची माझी सूचना मात्र मी जरा हात राखून करतो. जानेवारी २०२४ च्या आरंभी, अपघाताच्या नव्या कायद्याविरुद्ध टँकरचालकांनी काम थांबवले तेव्हा महाराष्ट्रभर पंपांवर रांगा लागल्या. त्या दोन दिवसांत विशाखापट्टणमचे कोठार आणि जामनगरची क्षमता दोन्ही निरुपयोगी होती. तेव्हा समुद्रापासून दूर असलेल्या, एकाच वाहिनीच्या टोकाला असलेल्या जिल्ह्यांसाठी डेपोत आणि तालुक्याच्या पातळीवर काही दिवसांचा बंधनकारक साठा असावा, असे वाटते. अडचणीही आहेत. पेट्रोल वर्षानुवर्षे ठेवता येत नाही, ते फिरते ठेवावे लागते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओलावा धरते, म्हणून राखीव साठा मिश्रणाआधीचाच ठेवावा लागेल. आणि सँडी वादळानंतर अमेरिकेने २०१४ मध्ये ईशान्य भागासाठी उभारलेला दहा लाख पिंपांचा पेट्रोलसाठा २०२४ मध्ये विकून टाकला, हेही विसरून चालणार नाही. खर्च आणि उपयोग यांचा तपशील मांडून मंत्रालयाने निर्णय करावा.

या पत्राची प्रत राज्याच्या वित्त विभागालाही पाठवत आहे. मुंबई परिसराबाहेर पेट्रोलवर २५ टक्के मूल्यवर्धित कर आणि वर लिटरला ५ रुपये १२ पैसे अशी जी आकारणी २०२४ मध्ये होती, तिच्यातला टक्केवारीचा भाग भाव वाढला की आपोआप वाढतो. तेल महाग झाले की राज्याची मिळकत निर्णयाविना वाढते आणि शुद्धीकरणाचा नफा फुगला तरी त्यावर कर बसतो. अक्कलकोट आणि मंगळवेढा तालुके कर्नाटकाला लागून आहेत; भावात तफावत पडली की गाड्या पलीकडच्या पंपावर टाकी भरतात आणि कर तिकडे जातो. टक्केवारीऐवजी लिटरमागे ठराविक रक्कम आकारण्याचा विचार राज्याने करावा, आणि केंद्राने टप्पे जाहीर केल्यास राज्यानेही त्याच तिमाहीला आपली रक्कम तपासावी.

वरील मागण्यांपैकी डेपोनिहाय भावाच्या फोडीला कायदा लागत नाही, निधी लागत नाही; कंपन्यांकडे ती माहिती रोज तयार असते. तेव्हा आरंभ तेथूनच करावा आणि पहिली फोड पुढील तिमाहीच्या आत प्रसिद्ध करावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
सोलापूर येथील एक हिशेबनीस